वॉर्डात नशामुक्ती केंद्र मागावं की दुसरंच काही? (इंदूर)

रामबागवाली
नमस्कार मंडळी. इंदूरच्या आणि बाहेरच्याही सगळ्यांना विचारते आहे.

आमच्या पार्षदांनी (नगरसेवकांनी) मोहल्ला समितीच्या बैठकीत जाहीर केलं की जुन्या सामुदायिक भवनावर एक मजला चढवून तिथे नशामुक्ती केंद्र काढायचं. निम्म्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. उरलेल्यांनी घरी जाऊन ग्रुपवर लिहिलं की दारुडे आपल्या गल्लीत नकोत, पोरीबाळी येतात-जातात. समितीची सचिव मी, त्यामुळे दोन्हीकडचं मलाच ऐकावं लागतंय.

माझी अडचण वेगळीच आहे. आमच्या भागातली जी माणसं मला ठाऊक आहेत ती केंद्रात जाऊन आलेली आहेत, काही तर पुन्हा पुन्हा. त्यांचं अडतं ते परत आल्यावर. काम गेलेलं असतं, उधारी तशीच असते, संध्याकाळी बसायला तोच कोपरा आणि तीच मंडळी. यात वरचा मजला काय करणार? बरं, नको म्हणावं तर तोच पैसा पेव्हर ब्लॉकमध्ये जाणार हेही नक्की.

तर नगर निगमानं, म्हणजे महापालिकेनं, या बाबतीत करावं काय? त्याच्या हातात काय आहे, काय नाही? पुढच्या बैठकीआधी लेखी मागणी द्यायची आहे. अनुभव असलेल्यांनी जरूर लिहा. उपदेश करणाऱ्यांनीही लिहा, पण थोडक्यात.

सराफ्यातला
आधी पाटी लावून घ्या ताई. केंद्र काय, येत राहील.

निवृत्त_लेखापाल
नोकरी हिशेब तपासण्यात गेली, म्हणून आधी रुक्ष भाग सांगतो.

दारूचं उत्पादन, विक्री, परवाने आणि त्यावरचं शुल्क हे सगळं राज्याकडे. दुकान कुठे असावं हे निगम ठरवत नाही आणि त्या महसुलातला पैसाही थेट त्याच्या तिजोरीत येत नाही. मोठी रुग्णालयं आरोग्य खात्याची, व्यसनमुक्ती केंद्रांचं अनुदान सामाजिक न्याय खात्याचं. मग निगमाकडे उरतं काय? ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली आणि तिच्यासोबत बारावी अनुसूची आली. तिच्यात १८ विषय आहेत. सार्वजनिक आरोग्य, झोपडपट्टी सुधारणा, शहरी गरिबी निवारण, दुर्बळ घटकांच्या हिताचं रक्षण, बागा आणि मैदानं. म्हणजे माणूस दवाखान्यातून बाहेर पडल्यावर ज्या गोष्टींत जगतो, त्या बऱ्याचशा निगमाच्याच यादीत आहेत.

मजल्याबद्दल. बांधकाम एकदाच होतं, पगार दर महिन्याला. केंद्र म्हणजे डॉक्टर, नर्स, समुपदेशक, रात्रपाळी, स्वयंपाकी. पार्षद निधीतून भिंती उभ्या राहतात, माणसं नाही. शिवाय २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक अवस्था धरलेल्या आहेत, त्यामुळे अशा केंद्राची राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. नोंदणीशिवाय चालवलं तर तुमची समितीच अडचणीत यायची.

कट्टर_इंदूरी
भिया, जे शहर ८५ वॉर्डांत घरोघरी ओला-सुका वेगळा करायला लावू शकतं, ते हे करू शकत नाही? २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर आहे आपला. पहिल्यांदा लोक हसलेच होते. तसंच करायचं. प्रत्येक वॉर्डात टीम, प्रत्येक घराचा सर्व्हे, पिणाऱ्याच्या घरावर नोंद, रोज गाडी फिरवायची. एका वर्षात इंदूर नशामुक्त!

सराफ्यातला
गाडीवर गाणं कुठलं लावायचं तेही सांगून टाक.

शुभ्रा
@कट्टर_इंदूरी, तुमचा उत्साह खरा आहे, पण घरावर नोंद करायची कल्पना कृपया तिथेच सोडा. मी या क्षेत्रात समाजसेविका म्हणून काम करते. आमच्याकडे येणारा माणूस आधी दोन गल्ल्या ओलांडून लांबच्या दवाखान्यात जातो, का तर ओळखीचं कुणी दिसू नये. त्याच्या दारावर खूण केलीत तर तो दवाखान्याचा रस्ताच सोडेल.

केंद्र सरकारनं एम्सकडून देशभर पाहणी करून घेतली होती, तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. १० ते ७५ वयोगटात १४.६ टक्के लोक दारू पितात, आणि ज्यांना मदतीची गरज आहे असे ५ कोटी ७० लाख. दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कुठला ना कुठला उपचार मिळालेला होता, आणि भरती होऊन उपचार १८० मागे एकाला. म्हणजे प्रश्न मोठा आहे, पण तो खाटांच्या संख्येपुरता नाही. उपचार घेतलेल्यांपैकी ४० ते ६० टक्के पुन्हा घसरतात. रक्तदाब आणि दम्याच्या रुग्णांतही असंच होतं, पण दम्याचा झटका परत आला म्हणून बायकोला कुणी "बघ, सांगितलं होतं ना" म्हणत नाही. या आजाराला दीर्घकाळ पाठपुरावा लागतो, आणि आपण महिन्याभराची भरती करून फाइल बंद करतो.

एक धोक्याची सूचना, कारण असा धागा वाचून कुणीतरी आजच्या आज सोडायला जाईल. रोज भरपूर पिणाऱ्यानं घरच्या घरी अचानक बंद करू नये. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होऊन जिवावर बेतू शकतं. पहिले दिवस डॉक्टरच्या देखरेखीखालीच.

गराडू
सगळं बरोबर, पण एक विचारू? माझ्या घरपट्टीतून मी कुणाच्या दारूचा खर्च का भरायचा? कॅन्सरवाल्यानं कॅन्सर मागितला नव्हता. यांनी स्वतः जाऊन, पैसे देऊन, रांगेत उभं राहून घेतली. आमच्या घरात काका याच्यापायी गेले. आजीनं दागिने विकले, पाया पडली, सगळं केलं. ज्याला सोडायची असते तो सोडतो. नसेल त्याला निगम काय, देवसुद्धा सोडवू शकत नाही.

आज_फक्त
@गराडू, मी तुमच्या काकांच्याच जातीतला. पीत नाही आता, काही वर्षं झाली. तुमच्या आजीबद्दल वाचलं आणि माझी आई आठवली, त्यामुळे वाद घालायला लिहीत नाही.

ज्याला सोडायची असते तो सोडतो, हे खरंच आहे. पण सोडल्यावर संध्याकाळी सहा ते नऊ तो कुठे असतो, हे कुणी विचारत नाही. घरी बसलं तर बायको सारखी तोंडाचा वास घेते, तिचं काहीच चुकत नाही. बाहेर गेलं तर ओळखीचे सगळे एकाच ठिकाणी. मला वाचवलं ते बैठकीनं. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची बैठक, म्हणजे तशीच माणसं, चहा, आणि पाळीपाळीनं बोलणं. फी नाही, डॉक्टर नाही, सरकारी अनुदान ते घेतच नाहीत. टोपी फिरते, त्यात दहा-वीस रुपये टाकायचे.

लागते फक्त खोली. आणि तीच मिळत नाही. आम्ही एका शाळेच्या वर्गात बसायचो, पहिलीच्या बाकांवर. गुडघे हनुवटीला लागायचे. साठीचे गृहस्थ, तोंडानं जिंदगीचं रडगाणं आणि मागे फळ्यावर बदकाचं चित्र. मग मुख्याध्यापक बदलले, नव्यांनी सांगितलं की पालकांची तक्रार आहे. सामुदायिक भवनात विचारलं तर लग्नसराईत रोज बुकिंग. उरलेल्या दिवसांत भवन रिकामं, पण कुलूप लावून रिकामं. चौकीदार म्हणाला, चावी निगमाच्या झोन कार्यालयात. झोनवाले म्हणाले, चावी चौकीदाराकडे.

रामबागवाली ताई, वरचा मजला राहू द्या. खालच्या मजल्यावरची एक खोली रोज संध्याकाळी ठरल्या वेळी उघडी मिळाली तर आमच्यासारख्यांचं पुष्कळ होईल.

गराडू
@आज_फक्त, तुम्ही लिहिलंत हे बरं केलंत. खोलीला माझी ना नाही, खोलीला पैसा लागत नाही. मजल्याला लागतो, त्याला आहे. मूळ मुद्दा मी सोडलेला नाही.

मिलवाल्याचा_मुलगा
या धाग्यावर मालवा मिल-परदेशीपुऱ्याकडचं कुणी अजून बोललं नाही म्हणून लिहितो.

इथली हुकुमचंद मिल, म्हणजे कापड गिरणी, डिसेंबर १९९१ मध्ये बंद झाली. कामगारांची थकबाकी मिळाली डिसेंबर २०२३ मध्ये, सुमारे ४८०० कामगारांसाठी २२४ कोटी. मधली बत्तीस वर्षं काय झालं असेल ते मोजा. आमचे वडील सांचे खात्यात होते. मिल चालू असताना प्यायचे का? प्यायचे, पगाराच्या दिवशी. पण पाळीचा भोंगा होता. सकाळची पाळी असली की आदल्या रात्री हात आखडायचा. भोंगा बंद झाला तेव्हा दिवसाला आकारच राहिला नाही. सकाळी अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून, डबा घेतल्यासारखं निघायचे आणि मिलच्या फाटकासमोरच्या ओट्यावर बसायचे. तिथून कलाली (दारूचं दुकान) हाकेच्या अंतरावर.

@गराडू, त्यांनी रांगेत उभं राहून घेतली हे खरं. ती रांग लागली कशी, ते मी पाहिलंय.

आता कामाचं बोलतो. पीएम स्वनिधीत फेरीवाल्यांना निगमामार्फत कर्ज मिळतं. २०२० मध्ये योजना आली तेव्हा पहिला हप्ता १० हजारांचा होता. त्यासाठी विक्रेत्याचं ओळखपत्र किंवा शिफारसपत्र निगमच देतं. रैन बसेरे (रात्रीचे निवारे) निगमाचे, बचत गट निगमाच्या शहरी आजीविकेच्या कामात येतात. केंद्रातून आलेल्या माणसाला गाडी लावायला जागा आणि ते पत्र महिन्याभरात मिळालं तर त्याच्या दिवसाला परत भोंगा मिळतो. हे सगळं आहेच. फक्त नशामुक्तीवाले आणि हे खातं एकमेकांशी बोलत नाहीत.

रामबागवाली
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. लिहून घेते.

बडोद्याची_सून
मी मूळची इंदूरची, आता बडोद्यात. इथे दारूबंदी आहे, राज्य झालं तेव्हापासून, म्हणजे १९६० पासून. तुम्हाला वाटेल, सुटला प्रश्न. आमच्या सोसायटीत कोण कुठून मागवतं ते वॉचमनला तोंडपाठ आहे. गरिबाला मात्र गाळलेलीच मिळते, आणि २०२२ मध्ये बोटादकडे काय झालं ते सगळ्यांनी वाचलंय. मिथेनॉल प्यायले, माणसं गेली.

सगळ्यात वाईट हे की मदत मागणं अवघड होतं. पितो म्हटलं की आधी गुन्हा कबूल केल्यासारखं होतं. आमच्या ओळखीत एकाला यकृताचा त्रास होता, डॉक्टरनं विचारलं तर बायकोनंच "छे हो, आमच्याकडे कुणी घेत नाही" सांगितलं. त्यामुळे कुणी "बंदच करून टाका" म्हणणार असेल तर त्याआधी एकदा इकडे येऊन जा.

कट्टर_इंदूरी
पण १ एप्रिल २०२५ पासून उज्जैन, महेश्वर, ओंकारेश्वरकडची दुकानं बंद केलीच ना सरकारनं? आणि २०२३ पासून अहातेही (दुकानाला लागून बसून प्यायच्या जागा) बंद आहेत. काहीतरी फरक पडलाच असेल.

सराफ्यातला
पडला ना. पूर्वी अहात्यात बसून प्यायचे, आता आमच्या दुकानाच्या ओट्यावर बसतात. सकाळी शटर उघडायच्या आधी ग्लास उचलावे लागतात. आणि @बडोद्याची_सून, तुमच्याकडचे पाहुणे इंदूरला आले की आधी पोहे मागतात की दुसरं काही, हे विचारत नाही.

बडोद्याची_सून
पोहेच मागतात! पण इथल्या दुकानात जीरावण (पोह्यांवरचा मसाला) मिळत नाही हो. कुणी पाठवेल का?

तिलकनगरची_आजी
जीरावण घरी करता येतं. धणे, जिरं, बडीशेप भाजून घ्यायची, सुंठ, आमचूर, काळं मीठ, हिंग, तिखट, थोडी लवंग-दालचिनी. सुंठ जास्त नको, कडू होतं.

शुभ्रा
आजी, वेगळा धागा काढा ना, मी पहिली येईन. इथे पुन्हा विषयावर येऊ या.

पुण्यात_अडकलेला
उशिरा आलो. पुण्यात असल्यानं मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. १९८६ मध्ये अनिता आणि अनिल अवचटांनी सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांच्या देणगीचा त्यात मोठा हात होता. तिथून बाहेर पडलेल्यांसाठी गावोगावी पाठपुराव्याच्या सभा होतात आणि तिथले कित्येक कार्यकर्ते स्वतः एकेकाळचे रुग्ण आहेत. पण ही संस्था आहे. नगरपालिकेनं असं काही केल्याचं उदाहरण शोधायला मला बाहेर जावं लागलं.

अमेरिकेत फिलाडेल्फिया शहराच्या मानसिक आरोग्य विभागानं २००५ च्या आसपास आपली सगळी व्यवस्थाच या अंगानं बदलायला घेतली. उपचार संपल्यावर माणसाजवळ काय आहे हे बघायचं. घर, काम, सोबत, बरं झालेल्यांपैकी कुणी हात धरणारा. त्यांनी बऱ्या झालेल्या माणसांना पगारी सोबती म्हणून कामावर घेतलं आणि वस्तीत त्यांची केंद्रं काढली. इंग्लंडमध्ये एप्रिल २०१३ पासून व्यसन उपचारांची जबाबदारीच स्थानिक परिषदांकडे दिली.

मुलांचं उदाहरण आइसलँडचं. १९९८ मध्ये तिथल्या १५-१६ वर्षांच्या मुलांत मागच्या महिन्यात झिंगेपर्यंत प्यालेली ४२ टक्के होती, २०१६ मध्ये ती ५ टक्क्यांवर आली. भाषणांनी नव्हे. नगरपालिकांनी खेळ, संगीत, नाचाच्या वर्गांवर पैसा घातला, राजधानीत प्रत्येक मुलाला छंदासाठी वार्षिक रक्कम दिली, पालक रात्री गटानं फेऱ्या मारू लागले.

निवृत्त_लेखापाल
@पुण्यात_अडकलेला, सगळं छान, पण अख्खा आइसलँड चार लाखांच्या आत आहे. इंदूर २०११ च्या जनगणनेतच १९ लाखांच्या वर होतं. तिथल्या नगरपालिकेकडे शाळा, समाजकल्याण, पैसा सगळं एका छपराखाली. आमच्याकडे एक दिवा बदलायचा तर तीन सह्या. तुलना करा, पण अंदाजपत्रकासकट करा.

मुलांसाठी एक गोष्ट मात्र आजही हातात आहे. २००३ च्या तंबाखू कायद्याप्रमाणे शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांत तंबाखूची विक्री करता येत नाही. गुमट्या (टपऱ्या) हटवणारी गाडी निगमाचीच आहे. ती कुठल्या गुमटीसमोर थांबते आणि कुठल्या नाही, हे मोहल्ला समितीनं विचारावं.

सराफ्यातला
काका, हे लिहिलंत आणि पार्षदांच्या मेहुण्याला ठसका लागला.

अनामिका_म
नाव लिहीत नाही, गावही नाही. माझ्या भावाला घरच्यांनीच एका केंद्रात पाठवलं होतं. रात्री चार माणसं गाडी घेऊन आली आणि उचलून नेलं. आईनं कागदावर सही केली होती, वाचली नव्हती. भेटायला पहिला महिना परवानगी नाही म्हणाले. नंतर गेलो तर डोकं भादरलेलं, बारीक झालेला, आणि आम्ही बसलो होतो तेवढा वेळ एक माणूस शेजारी उभा. भाऊ सारखं "मजेत आहे" म्हणत होता. बाहेर आल्यावर सांगितलं की मारायचे, संडास धुवायला लावायचे, डॉक्टर कधी दिसलाच नाही. तो आता पुन्हा पितो, आणि केंद्र म्हटलं की घर सोडून पळतो.

म्हणून विचारते. तुमच्या वॉर्डात केंद्र काढाल, पण आत काय चालतं ते बघणार कोण?

शुभ्रा
@अनामिका_म, तुमच्या भावासोबत जे झालं त्यातलं जवळजवळ सगळं कायद्यानं मना आहे. त्याच २०१७ च्या कायद्यात सक्तीनं डोकं भादरायचं नाही, मोबदल्याशिवाय काम करून घ्यायचं नाही, साखळीनं बांधायचं नाही, असं सरळ लिहिलेलं आहे. माणसाच्या मर्जीविरुद्ध भरती करायची तर दोन जाणकारांनी, त्यांत एक मनोविकारतज्ज्ञ, स्वतंत्रपणे तपासावं लागतं आणि मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवावं लागतं. रात्री चार माणसं पाठवणं यात कुठेच बसत नाही. भावासाठी आत्ता: १४४४६ ही सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आणि १४४१६ टेलिमानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. भरती न होता, रोज घरून येऊन-जाऊनही उपचार होतात हे त्याला सांगा. सरकारी मनोविकार विभागात हे मिळतं. इंदूरकरांसाठी एमवाय रुग्णालय आणि बाणगंगेचं मानसिक रुग्णालय आहे.

आणि हा प्रश्न निगमाचाही आहे बरं का. तपासणी राज्य प्राधिकरणाची, पण वस्तीत कुठल्या इमारतीच्या खिडक्या कायम बंद असतात ते वॉर्डाला आधी कळतं. मागणीत हे घाला: वॉर्डातल्या नोंदणी असलेल्या केंद्रांची यादी झोन कार्यालयाबाहेर लावा.

त्याच कायद्याच्या कलम १९ मध्ये असं आहे की घर नाही किंवा घरचे घेत नाहीत एवढ्यासाठी कुणाला संस्थेत अडकवून ठेवायचं नाही, आणि अशांसाठी हाफवे होमसारखी (उपचार आणि घर यांच्या मधल्या निवासाची) सोय सरकारनं करायची. अमेरिकेत मेरीलँडमध्ये १९७५ पासून ऑक्सफर्ड हाउस नावाची घरं आहेत. सोडलेले लोक मिळून भाडं भरतात, स्वतःच नियम करतात, प्याला तर बाहेर. त्यांच्यावर एक चांगला अभ्यास झाला होता. दोन वर्षांनी या घरांतल्यांपैकी सुमारे ३१ टक्के पुन्हा नशेकडे गेलेले, नेहमीच्या व्यवस्थेतले ६५ टक्के. वरचा मजला बांधायचाच असेल तर असल्या सहा-आठ जणांच्या घरासाठी बांधा म्हणावं. डॉक्टरची रात्रपाळी लागत नाही.

गराडू
हे मला पटतंय. भाडं ते भरणार असतील तर.

तिलकनगरची_आजी
सगळे पुरुषांचंच बोलताय. आमच्या महिला मंडळात भिशीच्या दिवशी अर्ध्याजणींच्या पर्समध्ये झोपेच्या गोळ्या असतात. चिठ्ठी जुनी, दुकानदार ओळखीचा. त्याला नशा कोण म्हणणार? आणि दारुड्याच्या बायकोला कोण विचारतं? नवरा केंद्रात असतो तेव्हा ती एकटी भाडं भरते, तो परत आल्यावर त्याचा सत्कार होतो. खोली उघडलीत तर आठवड्यातून एक दिवस बायकांसाठी ठेवा, दुपारी, संध्याकाळी आम्हाला जमत नाही. अल-अ‍ॅनॉनच्या, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्या माणसांच्या, बैठका अशाच असतात, माझी जाऊ जायची. तिथे नवऱ्याला कसं सुधारावं हे शिकवत नाहीत, आपण कसं जगावं ते बोलतात.

कट्टर_इंदूरी
आजी, सलाम. मी सर्व्हेचं मागे घेतो, गाडीचं नाही. 😀 पण मुलांचं बोला. चौकात सोल्युशन (पंक्चरचा गोंद) हुंगणारी मुलं दिसतात. पिशवी तोंडाला लावून. १ जानेवारी २०२५ पासून भीक देणं-घेणं बंद केलं आपल्याकडे, त्यात मुलांना उचललं. पुढे काय झालं त्यांचं? सोल्युशन हे दारूसारखं दुकान बंद करून थांबत नाही, पंक्चरवाल्याकडे मिळतं.

शुभ्रा
@कट्टर_इंदूरी, हा प्रश्न योग्य आहे. त्या २०१९ च्या अहवालात हुंगायच्या पदार्थांबाबत मोठ्यांपेक्षा मुलांचं प्रमाण जास्त निघालं होतं, बाकी सगळ्या नशांत उलट आहे. या मुलांना एक माणूस लागतो जो रोज त्याच चौकात त्याच वेळी येतो. उचलून नेणारा आला की ती दुसऱ्या चौकात जातात.

रामबागवाली
बापरे, इतकं येईल वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार, वेगळं नाव घेत नाही. मसुदा टाकते, ठोका:

"वरच्या मजल्यावर भरतीचं केंद्र नको. (लेखापाल काकांची कारणं.) बांधायचंच तर केंद्रातून परतलेल्या, घर नसलेल्यांसाठी सहा-आठ जणांचं निवास, चालवायला नोंदणीकृत संस्था. खालची एक खोली रोज संध्याकाळी ६ ते ९ आणि बुधवारी दुपारी राखीव, लग्नसराईतसुद्धा, चावी समितीकडे. परतलेल्यांना फेरीवाला शिफारसपत्र आणि आजीविकेच्या योजनांसाठी झोनवर एक ठरलेला कर्मचारी. संजीवनी क्लिनिकमध्ये (वस्तीतल्या सरकारी दवाखान्यात) व्यसनाबद्दल विचारण्याची आणि पुढे पाठवण्याची सोय. नोंदणी असलेल्या केंद्रांची यादी. शाळांजवळच्या गुमट्या."

काल पार्षदांना तोंडी सांगून पाहिलं. खोलीला लगेच हो म्हणाले. पण म्हणतात, दारावर मोठी पाटी हवी, "नशामुक्ती कक्ष", खाली त्यांचा फोटो.

आज_फक्त
पाटी लावली तर मी येणार नाही. मी तर उघड लिहितो इथे, तरीही नाही येणार. नवीन माणूस तर मुळीच नाही.

सराफ्यातला
फोटो लावू द्या, "नशामुक्ती" काढा. "वाचनालय" लिहा. दोन पेपर ठेवा. पार्षदही खूश, पिणारेही खूश, आणि वाचनालयात तसंही कुणी फिरकत नाही.

निवृत्त_लेखापाल
सराफ्यातल्यानं पहिल्यांदा कामाचं सांगितलं. वाचनालय म्हटलं तर वर्तमानपत्रांचा खर्चही निधीत बसतो.

मिलवाल्याचा_मुलगा
कॅरम बोर्ड माझ्याकडून. नवीन नाही, पण सोंगट्या पूर्ण आहेत.

गराडू
भाडं ते भरतील हे वाक्य मसुद्यात नाही. घाला.

रामबागवाली
घातलं. "निवासाचं भाडं व किराणा राहणाऱ्यांनी मिळून." वाचनालयाचं पार्षदांना विचारते. लेखापाल काका, अर्ज पार्षदांच्या नावे द्यायचा की झोनच्या?

निवृत्त_लेखापाल
झोनल अधिकाऱ्याच्या नावे, प्रत पार्षदांना आणि निगम आयुक्तांना. "चावी समितीकडे" असं मोघम लिहू नका. वेळ, वार, आणि चावी घेणाऱ्या दोघांची नावं लिहा, नाहीतर पुन्हा चौकीदार आणि झोन एकमेकांकडे बोट दाखवतील. मागण्या दोन अर्जांत तोडा. खोलीचा वेगळा, तो लवकर सुटेल. निवासाचा वेगळा, तो वर्षभर फिरेल. आणि आवक-जावक खिडकीवर दोन्हींची पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट.